डायनासोर गडावर नको

शाळेतला चित्रकलेचा तास हा तसा एकट्याचा तास. गणिताच्या तासाला मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, पीटीच्या तासाला एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि चित्रकलेच्या तासाला मात्र डाव्या हाताचा आडोसा करून आपापल्या कागदात शिरतात. कुणी जरा मान वळवली की लगेच तक्रार येते, ‘सर, हा माझं बघून काढतोय.’ मी ड्रॉइंगचा मास्तर. नोकरीची सगळी वर्षं हे वाक्य ऐकण्यात गेली. डोंगर, दोन डोंगरांच्या मधून सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी: सगळ्या वर्गाचं चित्र एकच, आणि तरी प्रत्येकाला आपलं चोरीला जाण्याची भीती.

ही भीती आम्हीच घातली, हेही खरं. आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा होतात. कला संचालनालय त्या घेतं, आणि दहावीला त्यांचे जादा गुण मिळतात म्हणून हल्ली गर्दीही भरपूर असते. मी त्या परीक्षांची टिंगल करणार नाही. ज्या गावांत रंगाची पेटी म्हणजे चैन समजली जायची, तिथल्या मुलांच्या हातात या परीक्षांच्या निमित्ताने ब्रश आला. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तिथल्या पालकांच्याही तोंडी बसले. पण प्रत्येकाचा बैठक क्रमांक वेगळा, कागद वेगळा, पाण्याचा डबा वेगळा. तिथे दोन मुलांनी मिळून एक कागद रंगवला तर त्याला कॉपी म्हणतात आणि दोघांनाही बाहेर काढतात.

मुलांनी एकत्र येऊन काही घडवण्याची आपल्याकडची खरी शाळा दिवाळीच्या सुट्टीत भरते, आणि तिला मास्तर नसतो. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून मुलं घरी येतात, दप्तर कोपऱ्यात भिरकावतात आणि किल्ल्याची जागा बघायला निघतात. वाड्याचं अंगण, चाळीचा जिना संपतो तिथला कोपरा, बंगल्याच्या कुंपणालगतची पट्टी, सोसायटीत पाण्याच्या टाकीमागची ओल धरलेली जमीन. पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात, मुंबईच्या जुन्या चाळींत वाढलेल्या माणसाला या कामाचा वास अजून आठवत असेल. ओल्या मातीचा, कुजक्या गोणपाटाचा आणि कुणीतरी आधीच फोडलेल्या लवंगी फटाक्याचा.

ज्यांनी कधी किल्ला केला नाही त्यांच्यासाठी कृती सांगतो. आधी विटा, दगड, फुटक्या कुंड्या, रंगाचे रिकामे डबे यांचा ढीग रचायचा. ज्या बाजूला कडा हवा तिकडे दगड उभे, ज्या बाजूला माची हवी तिकडे आडवे. मग एका घमेल्यात माती कालवून तिची रबडी करायची, गोणपाट तिच्यात बुडवून बाहेर काढायचं आणि त्या ढिगावर पसरायचं. गोणपाट जिथे आपोआप दुमडतं तिथे डोंगराच्या सोंडा आणि घळी तयार होतात. त्या हाताने करू म्हटलं तर जमत नाहीत. वर चाळलेली माती भुरभुरायची. पायऱ्या पट्टीने दाबून काढायच्या. तटबंदीसाठी मातीची वळकटी करून ती बोटांनी चेपायची, आणि अर्धवट सुकली की वरच्या कडेला सुरीने चर्या आणि मध्ये जंग्यांची भोकं पाडायची. उतारावर अळीव पेरायचे. अळिवाला पाणी लागलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, त्यामुळे बी कितीही उभ्या उतारावर घसरत नाही. तीन-चार दिवसांत हिरवळ येते. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल तर अळीव कधी टाकायचे याचा हिशेब मुलं बिनचूक करतात. गणितात नापास झालेलीही.

आणि कारंजं. ते कुणाच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालं देव जाणे, पण दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची बाटली झाडाला उंच टांगायची, नळी मातीखालून न्यायची आणि टोक हौदातून वर काढायचं, ही युक्ती गावोगावच्या मुलांना ठाऊक असते. बाटली जेवढी वर तेवढं कारंजं जोरात. पाण्याचा दाब हा धडा त्यांच्या पुस्तकात येतो तेव्हा त्यांचा तो करून झालेला असतो.

हे सगळं एकट्या मुलाला करता येत नाही. माती आणणं हेच एकाचं काम नव्हे. त्यामुळे किल्ल्याभोवती एक आपोआप उतरंड तयार होते. आठवी-नववीतला एक दादा हुकूम सोडतो, दोघं-तिघं त्याच्या हाताखाली खपतात, मुली पूर्वी पुढची रांगोळी घालायच्या, आता त्याही कोपरापर्यंत चिखलात असतात, आणि सगळ्यात धाकटी मंडळी तांब्याने पाणी आणतात. पाणी आणणाऱ्याला किल्ल्याला हात लावायची परवानगी नसते. तो दर खेपेला थोडं पाणी मुद्दाम भलतीकडे सांडून आपला सूड घेतो. या उतरंडीचं कौतुक करण्यासारखं फारसं काही नाही; मोठ्यांचं जग जसं आहे तशीच ती असते. पाहण्यासारखं असतं ते तिला तडा जातो तेव्हा.

आमच्या सोसायटीतल्या एका वर्षीचा किल्ला मला त्यासाठी आठवतो. राजगड करायचा ठरला होता. राजगड हा अवघड किल्ला, कारण त्याला तीन बाजूंना तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, आणि मधोमध बालेकिल्ला. तीन माच्या म्हणजे मुलांचे तीन गट पडले आणि तिन्ही गटांची माती वेगवेगळी. एकीकडे नर्सरीतली लाल, एकीकडे बांधकामावरून आणलेली पिवळट, तिसरीकडे कुंड्यांतली काळी. संजीवनीवाल्यांनी दुहेरी तटबंदी घातली, कारण खऱ्या संजीवनीला तशी आहे आणि त्यांच्यातल्या एकीने ती पाहिलेली होती. सुवेळावाल्यांचा तट त्याच्यापुढे फाटका दिसायला लागला. भांडण झालं. दोन दिवस दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलत नव्हते, आणि बालेकिल्ल्यावर जायची वाट कुणाच्या हद्दीतून काढायची हे ठरत नव्हतं. मी गॅलरीत बसून हे ऐकत होतो. खाली जाऊन मिटवावं असं दहादा मनात आलं, पण मास्तरकी संपली होती, त्यामुळे बसून राहिलो.

त्यात पहिलीतला एक छोटा प्लॅस्टिकचा डायनासोर घेऊन आला. हिरवा, जबडा उघडा, बालेकिल्ल्यापेक्षा उंच. ‘हा पण ठेवायचा.’

सगळे हसले. मग हसू थांबलं, कारण तो निघून जाईना. तो पाणी आणणाऱ्यांपैकी होता आणि त्याने भरपूर पाणी आणलं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. ‘शिवाजी महाराजांच्या वेळी डायनासोर नव्हते,’ दादाने सांगितलं. छोट्याने किल्ल्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘मग पोलीस होता?’ कारण कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या चित्रांत मावळे, गवळण, तोफ, वाघ आणि भाजीवाली यांच्याबरोबर खाकी कपड्यांतला एक पोलीसही आला होता आणि त्याला कुणीतरी महादरवाजाशी उभा केला होता. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तीन माच्यांची माणसं दोन दिवसांत पहिल्यांदा एकत्र बसली, डायनासोरचं काय करायचं यावर. तोडगा असा निघाला, ‘जंगलात असू दे. पण गडावर नको.’ संजीवनीच्या खालच्या उतारावर, अळिवात, त्याला जागा मिळाली. शत्रू त्या बाजूने आला तर आधी त्याच्याशी गाठ, असंही ठरलं. आणि या बैठकीतच बालेकिल्ल्याची वाटही ठरून गेली.

मला मुलांच्या सामूहिक कलेबद्दल जे काही म्हणायचं आहे ते सगळं या तोडग्यात आहे. मिळून काही घडवताना मुलाला रंगसंगती किंवा प्रमाणबद्धता कळते की नाही, मला शंका आहे. त्याला एक वेगळीच अवघड गोष्ट करावी लागते. आपल्या सुंदर कामाच्या शेजारी, आपल्याला न आवडणारी, चुकीची वाटणारी, दुसऱ्याची गोष्ट नांदू द्यावी लागते. ती खोडायची नाही, आणि तिच्यामुळे आपलं काम सोडून घरीही जायचं नाही. तिला जागा कुठे द्यायची एवढंच आपल्या हातात. मोठी माणसं हे क्वचित करतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला गेलेल्या कुणालाही मी काय म्हणतो ते कळेल.

खरे किल्लेही असेच कित्येक हातांनी उभे राहिले. रायगडाच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्या स्थपतीने स्वतःसाठी मागून घेतलेली जागा म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय पडतील अशी ती पायरी, म्हणून आपण ती डोळे ओले करून पाहतो, आणि पाहावीच. पण त्या गडाचे दगड फोडणारे बेलदार, ते घडवणारे पाथरवट, चुना मळणारे, पाणी वाहणारे यांच्यासाठी पायरीही नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या वर्षीच्या दिवाळीत मुलांनी जिंजी करावा अशी माझी फार इच्छा होती. तीन टेकड्यांना तटाने एकत्र बांधलेला किल्ला म्हणजे तीन गटांची भांडणं आपोआप आलीच. कुणी केला नाही. मुलांनी जंजिरा केला.

जंजिरा हा फ्लॅटमधल्या मुलांचा लाडका किल्ला. त्याला डोंगर लागत नाही. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, पाण्यात विटा, विटांवर मातीचा गोल तट. गॅलरीत मावतो. सिद्दीचा जंजिरा मराठ्यांना कधी घेता आला नाही हे त्यांना पुस्तकातून ठाऊक असतं. तरी टबातल्या जंजिऱ्यावर भगवा असतोच. मी एकदा विचारलं तेव्हा एका मुलीने शांतपणे सांगितलं, ‘सर, आम्ही घेतला.’

इतिहासाच्या काटेकोरपणाची जबाबदारी अशा वेळी ज्यांच्यावर येते ते म्हणजे किल्ला स्पर्धेचे परीक्षक. मीही काही वर्षं हे काम केलं. मंडळं, वर्तमानपत्रं, नगरसेवक, सगळे स्पर्धा भरवतात. परीक्षकांच्या तक्त्यात ‘ऐतिहासिक अचूकता’ असा रकाना असतो, ‘मांडणी’ असतो, ‘माहितीफलक’ असतो. डायनासोरसाठी रकाना नसतो. तो दिसला की गुण कमी करायचे. बक्षीस जाहीर झालं की पुढच्या वर्षी त्या इमारतीत वडीलमंडळी खाली उतरतात. ऑफिसला रजा टाकून उतरतात, हे मी पाहिलंय. थर्माकोल येतो, स्प्रे पेंट येतो, एलईडीच्या माळा येतात, कळ दाबली की धीरगंभीर आवाजात गडाची माहिती सांगणारा स्पीकर येतो. तटबंदी अगदी सरळ होते. मुलं माहितीफलकाशेजारी फेटे बांधून उभी असतात आणि पाठ केलेलं बोलतात. असे किल्ले मी पहिल्या क्रमांकाला बसवले नाहीत, आणि त्यामुळे मला पुढे फारसं बोलावणंही येत नाही. बाजारात तर आता प्लास्टरचे तयार किल्लेच मिळतात. हातगाडीवर मांडलेले, एका साच्यातून निघालेले, आणायचे आणि दारात ठेवायचे. त्यांची चीड येत नाही, कारण जागाच नसलेल्या माणसाची ती सोय आहे. वडिलांनी बांधलेल्या किल्ल्याची येते.

वडिलांची अडचण मला समजते. मुलांचं एकत्र काम बघणं हे बहुतेक वेळ कंटाळवाणं आणि मधूनच असह्य असतं. ते फार हळू चालतं. आपल्याला लांबून दिसत असतं की हा बुरूज पडणार, पण मुलांना तो पडल्यावरच दिसतो. एक जण सगळ्यांना दाबतोय हेही दिसतं, आणि तिथे कधी मध्ये पडायचं आणि कधी नाही याचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. माझा ढोबळ ठोकताळा एवढाच: कुणी रडत असेल तर जावं, कुणी भांडत असेल तर जाऊ नये.

वर्गात मी जेव्हा मुलांना एकत्र कामाला बसवत असे, तेव्हा मातीऐवजी कागद असायचा. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रिळाच्या शेवटी थोडा कागद उरतो, तो रद्दीच्या भावात मिळतो. तो वऱ्हांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरायचा आणि दोन्ही कडांना मुलं बसवायची. विषय शक्यतो ‘आपलं गाव’. देवळापासून, एसटी स्टँडपासून, नदीपासून, ज्याला जिथून सुरुवात करायची तिथून करू द्यायची. खोडरबर गोळा करून टेबलावर ठेवायचे. पहिला अर्धा तास सगळे आपापल्या पुढ्यातच काढत असतात, डाव्या हाताचा आडोसा इथेही असतो. मग रस्ते वाढत वाढत एकमेकांजवळ येतात, आणि गंमत सुरू होते. एकाचा रस्ता वितीएवढा रुंद, समोरच्याचा बोटाएवढा. एकाने आपली आजी देवळाच्या कळसाएवढी काढलीय, शेजारणीची एसटी आगपेटीएवढी. एकाचं गाव वरून पाहिलेलं, दुसऱ्याचं समोरून, तिसऱ्याच्या कागदावर घरं चारी बाजूंना आडवी पडलेली, कारण तो कागदाभोवती फिरत काढत गेला. आणि समोरासमोर बसलेल्या मुलांची घरं एकमेकांना उलटी.

मोठ्या चित्रकाराला हे दिलं तर तो डोक्याला हात लावेल. मुलं रुंद रस्ता आणि अरुंद रस्ता यांच्यामध्ये एक टोलनाका काढतात. किंवा एक नदी आणतात, म्हणजे रस्त्यांना भेटायलाच नको. एका वर्गाने कळसाएवढ्या आजीच्या सावलीत सगळा बाजार भरवला होता. मी सांगितलं असतं तर आजी लहान करा असं सांगितलं असतं.

एक खेळ याहून सोपा आहे आणि घरीही करता येतो. 1925 च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ, ईव्ह तांगी, जाक प्रेव्हेर ही अतिवास्तववादी मंडळी संध्याकाळी जमून तो खेळत. कागदाच्या घड्या घालायच्या. पहिल्याने वरच्या घडीत डोकं काढायचं, मानेच्या दोन रेघा किंचित खाली सोडायच्या आणि कागद दुमडून पुढच्याला द्यायचा. त्याने न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. उघडल्यावर जो प्राणी निघेल तो कुणाचाच नसतो. त्या मंडळींना त्यातून सुप्त मनाचं काही हाती लागेल असं वाटत होतं. तिसरीतल्या मुलांना त्यातून हसून हसून पोट दुखण्यापलीकडे काही मिळत नाही, आणि तेवढं पुरतं. ‘हा माझं बघतोय’ ही तक्रार मात्र या खेळात कुणी करू शकत नाही, कारण बघायचंच नसतं आणि माझं असं काही उरतच नाही. गप्प बसणाऱ्या मुलांसाठी मी हा खेळ मुद्दाम ठेवत असे. ज्याला पूर्ण चित्र काढायची लाज वाटते तोही दोन पाय काढून देतो.

एकत्र काढायचं म्हटलं की हल्ली शाळांना पहिल्यांदा वारली आठवतं. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की माणूस, सगळ्यांना जमतं, भिंत पटकन भरते. कारण वाईट नाही. पण डहाणू-तलासरीकडे हे चित्र मुळात कसं निघायचं ते मुलांना सांगितलं पाहिजे. लग्नाच्या घरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी मिळून चौक लिहायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा, आणि चौकात पालघाट देवी. तिथे एकीची रेघ दुसरीच्या रेघेत मिसळून जायची. खाली सही नसायची, आणि लग्न झालं की भिंत पुन्हा सारवली जायची. 1970 च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मोठे चित्रकार होते यात वाद नाही. पण बायकांनी मिळून, बिनसहीची काढलेली भिंत कागदावर येताच एका पुरुषाच्या नावाची झाली, हाही त्या गोष्टीचा भाग आहे. मुलांना तो कळतो. एका मुलीने मला विचारलं होतं की मग त्या बायकांना पद्मश्री का नाही. मी म्हटलं, नावं कुणी लिहून ठेवली नाहीत म्हणून. तिला ते पटलं नाही, आणि पटण्यासारखं नाहीच.

शाळांच्या भिंतींवर आता चित्रं पुष्कळ असतात. ‘बोलक्या भिंती’ म्हणतात. आगगाडीच्या डब्यांत पाढे, झाडाच्या पानांवर मुळाक्षरं, सूर्यमाला, शरीराचे अवयव. ही कामं बहुतेक ठिकाणी पेंटरला दिली जातात. तो बिचारा चौरस फुटाच्या दराने एका गावातून दुसऱ्या गावात तेच चित्र रंगवत जातो. भिंती मुलांशी बोलतात खऱ्या, पण मुलांना भिंतीशी बोलायची परवानगी नसते. हात लावला तर रंग खराब होतो म्हणून ओरडा बसतो. शांतिनिकेतनात कलाभवनाच्या आवारात एक काळं घर आहे, कालो बाडी. 1930 च्या दशकात नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी मातीच्या भिंतींवर उठावाची चित्रं केली आणि पावसापासून टिकावीत म्हणून त्यांना डांबर चोपडलं. ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह. ज्या घरात राहायचं त्याच्या भिंती आपण घडवायच्या, ही कल्पना ज्या शिक्षकांना सुचली त्यांच्यापुढे मी मान लववतो.

त्याच नंदलालांचे एक विद्यार्थी, देवी प्रसाद, 1944 मध्ये आपल्या सेवाग्रामला आले आणि 1962 पर्यंत नई तालीमच्या मुलांबरोबर राहिले. वर्ध्याच्या त्या लाल-काळ्या मातीत, शेतातून आणि चरख्यावरून उठून आलेल्या मुलांकडून त्यांनी चित्रं काढून घेतली, त्यांच्याबरोबर मातीची भांडी केली, आणि मुलांच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. कला हा शिक्षणाचा एक तास नसून तिच्यावरच शिक्षण उभं राहतं, हा त्या पुस्तकाचा गाभा. आमच्या डी.एड., एटीडीच्या वर्गांत व्हिएन्ना आणि लंडनच्या शिक्षणतज्ज्ञांची नावं पाठ करून घेत, सेवाग्रामचं हे अठरा वर्षांचं काम मात्र मला नोकरीला लागल्यानंतर, जुन्या पुस्तकांच्या दुकानात कळलं.

किल्ल्याकडे परत येतो, कारण त्याचा शेवट सांगायचा राहिला. भाऊबीज झाली की किल्ल्यातला रस ओसरतो. अळीव लांबून लोळायला लागतात, तटाला भेगा जातात, मांजर बालेकिल्ल्यावर झोपतं. मग एखाद्या संध्याकाळी मुलं उरलेले सुतळी बॉम्ब गोळा करतात आणि बुरुजांत पेरतात. ज्या संजीवनीसाठी दोन दिवस अबोला धरला ती संजीवनी त्यांच्याच हातांनी उडते, आणि उडवताना सगळ्यात जोरात ओरडतात ते बांधणारेच. पालकांना याचं वाईट वाटतं, निदान फोटो तरी काढून घ्या म्हणतात. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. किल्ला राहिला असता तर तो पुढच्या वर्षी कुणाचा, हा वाद आला असता. आवाजाचं आणि धुराचं म्हणाल तर बॉम्बऐवजी पाण्याची बादलीही चालते. आमच्याकडे अलीकडे बादलीच असते, आणि ती ओतण्यावरूनही भांडण होतंच. माती पुन्हा कुंड्यांत जाते. दगड टाकीमागे रचले जातात. डायनासोर ज्याचा त्याच्या घरी.

अडचण खरी जागेची आहे. सोसायट्यांची आवारं आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉकने झाकली आहेत. त्यावर चिखल सांडला की सुरक्षारक्षक येतो आणि त्याच्या मागून समितीची सूचना येते. ज्या मुलांना मातीला हात लावायला जागा नाही, त्यांनी ‘सहकार्य’ या गुणावर निबंध लिहावा अशी आपली अपेक्षा असते.

तेव्हा आपण ज्या सोसायटीत राहता तिथल्या समितीपुढे एवढंच मांडा. आवाराच्या एका कोपऱ्यातले, दहा बाय दहा फुटांतले पेव्हर ब्लॉक काढून टाकावेत, ती जमीन उघडी ठेवावी, आणि सहामाही संपल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्या जागेवर मोठ्या माणसांना प्रवेश नसावा. लाल माती नर्सरीत पोत्याने मिळते, गोणपाट वाण्याकडे. ठराव दिवाळीच्या सभेत नेलात तर उशीर होईल; गणपती उठले की लगेच मांडा.